डेटमधला बी म्हणायचाच नसतो तर लिहायचा कशाला?

सेमीवाली आई:
मुलगा सहावीत आहे. डिक्टेशनला डेट म्हणजे कर्ज याचं स्पेलिंग डी-ई-टी लिहून आला आणि आता हटून बसलाय की जे अक्षर म्हणायचंच नाही ते लिहायचं कशाला. शाळेत उत्तर मिळालं सायलेंट आहे, पाठ कर. रिसीटमधला पी, आयलंडमधला एस, नाईफमधला के, सगळं नुसतं पाठच करायचं का? मराठीत कसं बोलतो तसं लिहितो.

जुनी डिक्शनरी:
मराठीचं फार सांगू नका, चार आणि चारा यातले च वेगळे आहेत, लिहितो का वेगळे? 😄
पण प्रश्न रास्त आहे त्याचा. सगळे सायलेंट एका माळेचे नाहीत. नाईफ, नी यातला के पूर्वी खरंच म्हणायचे, 17व्या शतकाच्या आसपास तो बोलण्यातून गळला पण छापखान्यांमुळे स्पेलिंग तोवर बसत आलं होतं. जर्मनमध्ये गुडघ्याला अजून क्नी म्हणतात, के सकट.
डेटचं उलट आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच, पुढे 15व्या-16व्या शतकात विद्वान लोकांना लॅटिनचं वेड लागलं आणि मूळ शब्द डेबिटम म्हणून बी घुसवला, लोक मात्र डेटच म्हणत राहिले. डाउटमधला बी आणि रिसीटमधला पी पण असेच. आणि डिसीट रिसीटच्याच कुळातला, त्याला पी टिकलाच नाही! आयलंडची तर कमालच, तो लॅटिनचा शब्दच नाही, आईल (isle, म्हणजे बेटच) या शब्दासारखा दिसतो म्हणून त्यातला एस चिकटवला.
मुलाला सांगा डेबिट कार्ड आठव, बी विसरणार नाही.

शंकासुर:
मग फॉल्टमधला एल का म्हणतो आपण?

जुनी डिक्शनरी:
तोही मागाहूनच घातलेला. फक्त तिथे लोक अक्षर बघून म्हणायला लागले. परफेक्टमधला सी पण तसाच. कुठे म्हणायला लागले कुठे नाही, याला नियम नाही.

देवगडकर:
सॅमन माशात पण एल म्हणायचा नसतो, पण हॉटेलात सॅमन मागितला की वेटर बघत राहतो, सालमन म्हटलं की लगेच कळतं. आम्ही आपले रावस मागवतो, त्यालाही इंडियन सालमन म्हणतातच, प्रश्न मिटला.

लीड्समधून:
डाउटचा विषय निघालाय म्हणून. आपल्याकडे क्लासमध्ये 'सर डाउट आहे' म्हणजे प्रश्न आहे, पण इथे नवीन आलेली आपली पोरं मीटिंगमध्ये आय हॅव अ डाउट म्हणतात आणि समोरच्याला वाटतं यांचा आपल्या बोलण्यावर भरवसाच नाही. सरळ क्वेश्चन म्हणावं.

सेमीवाली आई:
डेबिट कार्ड चाललं, थँक्यू 🙏 आता विचारतोय थममधला बी खरा की घुसवलेला 🤦‍♀️

जुनी डिक्शनरी:
पोरगं वकील होणार. लँब, क्लाइंब यातला बी खरा, पूर्वी म्हणायचे. थमला मुळात नव्हता आणि लॅटिनचाही काही संबंध नाही, बहुतेक ढवळ्याशेजारी पवळ्या बांधल्यासारखं झालं.