आई-बाबांना घेऊन कॅरिबियन: त्रिनिदाद की बार्बाडोस?

तापीकाठ_जळगाव

राम राम मंडळी. मे महिन्यात न्यू जर्सीला बहिणीकडं चाललोय, मी, बायको, दोन पोरं आणि आई-बाबा. तिथून आठवडाभर कॅरिबियनला जायचं बहिणीच्या डोक्यात आहे. ती म्हणते बार्बाडोसचं रिसॉर्ट घेऊ, सगळं आतच मिळतं, बाहेर पडायची गरज नाही. बाबा म्हणतात बाहेर पडायचंच नाही तर एवढ्या लांब कशाला, जळगावातच कूलर लावून बसतो. बाबा माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, आईचे गुडघे दुखतात आणि पोरं नुसत्या बीचला दुसऱ्याच दिवशी कंटाळतात. मला त्रिनिदाद बघायचंय, कारण बाबा ७१ सालच्या गावसकरच्या तिथल्या पोर्ट ऑफ स्पेनच्या टेस्टचा स्कोअर अजून तोंडपाठ सांगतात, १२४ आणि २२०. पण बहीण म्हणते तिथं गुन्हेगारी फार. कुणी फॅमिली घेऊन राहिलंय का तिकडं? खाण्याचं काय करायचं?

भुसावळ_जंक्शन

भाऊ, त्रिनिदादमधल्या पॉइंट लिसासला प्लांटवर नोकरी होती माझी, बायको-पोरं सोबतच होती. बाबांच्या जेवणाची काळजी बिलकुल करू नका. १८४५ च्या ३० मे ला पहिलं जहाज आपल्याकडचे मजूर घेऊन तिथं लागलं, १९१७ पर्यंत सव्वा लाखावर माणसं उसाच्या मळ्यात कामाला गेली, बहुतेक बिहार-यूपीकडची, कलकत्त्याहून. त्यांचं खाणं अजून तिथं रोजचं आहे. सकाळी न्याहारीला सादा रोटी आणि बैंगन चोका मिळतो. वांग्याला चिरा पाडून लसूण खोचतात, सरळ जाळावर भाजतात, साल काढून ठेचतात आणि वरून कडकडीत तेल ओततात. म्हणजे आपलं भरीतच झालं की! आता बामणोदचं वांगं नाही, कपाशीच्या काड्यांचा धूर नाही, लाकडी बडगीत कुटत नाहीत, पात नाही, दाणे नाहीत, त्यामुळं पहिला नंबर आपलाच, हे मी तिथल्या लोकांना तोंडावर सांगून आलोय आणि त्यांना ते पटलेलं नाही.

रस्त्यावर डबल्स खा, हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या आणि त्यात छोले, कागदात गुंडाळून देतात. गाडीवाला विचारतो मिरची किती, तेव्हा 'स्लाइट' म्हणजे अगदी थोडी म्हणायचं. ठेचा खाणारे आहोत म्हणून शान मारू नका, मोरुगा स्कॉर्पियन मिरची त्याच बेटावरची, २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठानं तिला जगात सगळ्यात तिखट ठरवलं होतं. रोटीच्या दुकानात मटण-चिकनही असतं, तेव्हा डाव वेगळा आहे का ते विचारून घ्या, लोक रागवत नाहीत.

बघायला म्हणाल तर कारापिचाइमाला दत्ताचं देऊळ आहे, बाहेर ८५ फुटी हनुमान उभा. तिथून जवळच वॉटरलूला समुद्रातलं देऊळ. शिवदास साधू नावाच्या मजुरानं आधी किनाऱ्यावर बांधलं होतं, जागा साखर कंपनीची निघाली, देऊळ पाडलं आणि साधूला तुरुंगात टाकलं. मग त्यानं सायकलवर दगड-माती वाहून समुद्रातच भर घातली, वर्षानुवर्षं, एकट्यानं. बाबा तिथून लवकर हलणार नाहीत, वेळ राखून ठेवा. दोन्हीकडं गाडी जवळपर्यंत जाते, आईला त्रास नाही.

पोरांसाठी कॅरोनीच्या दलदलीतली बोट. दुपारी चारच्या सुमाराला निघते, खारफुटीतून जाते, आणि अंधार पडायच्या आधी स्कार्लेट आयबिस पक्षी थव्यानं झाडांवर उतरतात, पूर्ण लालभडक. बोट लांबच उभी करतात, त्यामुळं दुर्बीण न्या, मोबाईलमध्ये नुसते लाल ठिपके येतात.

शिरपूरची_सून

बहिणीचंही अगदीच चूक नाही हं. २०२४ च्या डिसेंबरअखेर त्रिनिदादमध्ये टोळ्यांच्या मारामाऱ्यांमुळं आणीबाणी लावली होती, पुढं २०२५ मध्ये परत लावली. आम्ही म्हणूनच बार्बाडोसला गेलो, तिथं हॅरिसन्स केव्हमध्ये ट्रामगाडीत बसून गुहा बघता येते, सासूबाईंना एक पायरी चढावी लागली नाही. पश्चिमेकडचा समुद्र शांत, पोरं आरामात डुंबतात. पण महाग आहे आणि शाकाहारी माणसाचे खाण्याचे हाल, सासऱ्यांनी मॅकरोनी पायवर, म्हणजे चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीवर दिवस काढले. जेवण बघून ठरवायचं असेल तर त्रिनिदाद, निवांतपणा बघून ठरवायचं असेल तर बार्बाडोस. दोन्ही एका आठवड्यात नको, एअरपोर्टवरच सुट्टी संपते.

धुळ्याचा_डॉक्टर

एक महत्त्वाचं कुणी सांगितलं नाही. भारत सरकारच्या यलो फीव्हरच्या यादीत त्रिनिदाद आहे, बार्बाडोस नाही. त्रिनिदाद सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं सर्टिफिकेट नसेल तर क्वारंटाइन करतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, मुंबईला मिळेल. साठीच्या पुढच्या माणसाला ही लस पहिल्यांदा देताना जपावं लागतं, अंड्याची ॲलर्जी असेल तर तेही सांगायचं. म्हणून आई-बाबांना आधी डॉक्टरला दाखवा, तिकीट नंतर काढा. आणि बेट आधी करा, न्यू जर्सीचा मुक्काम नंतर ठेवा, म्हणजे परतीला सहा दिवस होऊन गेलेले असतील. मात्र त्यामुळं लस टाळायची असं नाही, ते डॉक्टर ठरवतील.

तापीकाठ_जळगाव

डॉक्टरसाहेब, हे तर माहीतच नव्हतं, आभार. बाबांना देवळाचं सांगितलं, ते आत्ताच बॅग भरायला निघाले. बहिणीला समुद्रही पाहिजे, त्याचं काय? आणि राहायचं कुठं, की जरा सुरक्षित वाटेल?

भुसावळ_जंक्शन

तीन रात्री त्रिनिदाद, बाकी टोबॅगो, त्याच देशाचं शेजारचं बेट. विमानानं अर्धा तासही लागत नाही, फेरीसुद्धा आहे पण ती हलते, आईला नको. टोबॅगो शांत आहे, पिजन पॉइंटचा किनारा आणि काचेच्या तळाच्या बोटीतून बक्कू रीफचं प्रवाळ, पोरं खूश. त्रिनिदादमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या आत रात्री पायी हिंडायचं नाही, हॉटेलनं सांगितलेलाच ड्रायव्हर दिवसभरासाठी ठरवायचा, दागिने घरी. त्या टेस्टचं मैदान, क्वीन्स पार्क ओव्हल, शहरातच आहे, दिवसा बाबांना गेटपर्यंत तरी न्या, ७६ ला आपण ४०३ चा पाठलाग करून जिंकलो तेही तिथंच. पावसाळा जूनपासून, मे बरा. ३० मे ची सुट्टी तिथं मोठी असते, त्या सुमाराला गेलात तर हॉटेल आत्ताच बघा.

केळीवाला_रावेर

आमच्याकडं अमेरिकेचा व्हिसा नाही भो, इथून सरळ जाता येईल का?

भुसावळ_जंक्शन

सरळ विमान नाही. भारतीय पासपोर्टला त्रिनिदादमध्ये ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी त्यांच्या हायकमिशनच्या साइटवर बघून घ्या. लोक लंडनमार्गे जातात, पण अमेरिकेचा व्हिसा नसेल तर तिथं नुसतं विमान बदलायलाही आपल्या पासपोर्टला सहसा ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, एका एअरपोर्टवरून दुसऱ्यावर जायचं असेल तर आधी नीट बघा, स्वस्त तिकिटात नेमकं तेच लपलेलं असतं.