स्टिअरिंगमधली एअरबॅग बदलायची आहे, सल्ला हवा

रानवाट:
मंडळी, गाडी वापरलेली घेतली आहे. काही दिवसांपासून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझतच नाही. मेकॅनिकने काही न उघडता 'ड्रायव्हरची एअरबॅग गेली' असं सांगितलं. अपघातातल्या दुसऱ्या गाडीची, न फुटलेली एअरबॅग तो बसवून देणार आहे, नव्यापेक्षा खूप स्वस्तात. घ्यावी का? भाऊ म्हणतो, घरीच बदलू. गाडीत लहान मुलं असतात, म्हणून विचारतेय.

पाना_पकड:
आधी एक सांगा. हॉर्न वाजतो का? स्टिअरिंगवरची बटणं चालतात का?

रानवाट:
हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. वळताना तर हमखास बंद. आवाजाची बटणं मेलीच आहेत. पण त्याचा एअरबॅगशी काय संबंध?

पाना_पकड:
मग एअरबॅग विकत घ्यायची घाई अजिबात करू नका. स्टिअरिंग सतत फिरतं, तरी एअरबॅगची तार तुटता कामा नये. म्हणून स्टिअरिंगच्या चाकामागे क्लॉक स्प्रिंग असते: गोल डबीत गुंडाळलेली चपटी पट्टी, चाकाबरोबर उलगडणारी आणि गुंडाळली जाणारी. हॉर्न आणि बटणांच्या ताराही तिच्यातूनच जातात. ती झिजून तुटली की तिन्ही गोष्टी एकत्र बिघडतात. तुमच्या गाडीत बहुतेक हेच झालंय.

तरी माझ्या अंदाजावर पार्ट घेऊ नका. एसआरएसचे, म्हणजे एअरबॅग यंत्रणेचे, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. फक्त इंजिनाचे कोड वाचणारं स्वस्त यंत्र इथे सहसा उपयोगाचं नाही. 'ड्रायव्हर सर्किटचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) जास्त' असा कोड आला तरी दोष बॅगेचा, क्लॉक स्प्रिंगचा किंवा सैल कनेक्टरचा असू शकतो, हे तपासणाऱ्याला माहीत हवं. आणि हे लांबणीवर टाकू नका. दिवा पेटलेला असताना धडक झाली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते.

मनवा:
जुन्या एअरबॅगला माझा ठाम नकार. ती गाडी पुरात बुडाली होती का, किती वर्षं उन्हात पडून होती, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि फोडल्याशिवाय तिची परीक्षा करता येत नाही. टाकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीचं प्रकरण आठवा. त्यांच्या इन्फ्लेटरमधलं (बॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडायचं. मग बॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर यायचे. माणसं गेली त्यात. कोट्यवधी इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तसली बॅग भंगारातून तुमच्या स्टिअरिंगमध्ये यायला नको. चासिस नंबर टाकून तुमच्या गाडीवर रिकॉल, म्हणजे सदोष पार्टसाठी कंपनीने परत बोलावणं, आहे का, तेही बघा. असेल तर कंपनी सहसा फुकट बदलून देते.

रानवाट:
रिकॉल आजच बघते. आणि घरी करण्याचं?

चाकोरी:
मी हे काम करतो, म्हणून सांगतो: भावाला थांबवा. बोल्ट दोनच असतील, काही गाड्यांत तर नुसत्या क्लिपा, पण आत स्फोटक आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढल्यावरही एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये थोडा वेळ वीज साठून राहते. किती थांबायचं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, तेवढं थांबायचंच. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला किंवा एअरबॅगला मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) लावायचा नाही, तेवढ्या करंटनेही ती उडू शकते. काढलेली बॅग मऊ बाजू वर ठेवून मोकळ्या जागी ठेवायची. उलटी ठेवली आणि उडाली तर अख्खा पार्ट हवेत जातो. हातात नेताना तीच बाजू अंगापासून लांब.

क्लॉक स्प्रिंग बदलताना पुढची चाकं सरळ हवीत आणि नवी पट्टी बरोबर मध्यावर. मध्य चुकला तर पूर्ण वळण घेताना नवी पट्टीही तुटते. इथेच घाई होते.

काम झाल्यावर चावी फिरवून दिवा स्वतः बघा. तो पेटून काही सेकंदांनी विझला पाहिजे. अजिबात पेटलाच नाही, तर दिव्याशी छेडछाड झाल्याचा संशय घ्या. काही जण बॅगेच्या जागी रेझिस्टर लावूनही कंट्रोल युनिटला फसवतात. तेव्हा दिवा अगदी व्यवस्थित विझतो आणि आत बॅगच नसते. म्हणून समोर उभं राहून बसवून घ्या, आणि बिलावर पार्ट नंबर लिहून मागा.

रानवाट:
मेकॅनिकला 'जुनी बॅग नको' असं कळवलं. उद्या एसआरएस स्कॅन करून घेते, कोड इथे टाकते.