मासे गेले, टाकी उरली: त्यात काय पाळलंत? (अनुभव धागा)

दोन फुटी टाकी, फिल्टर अजून गुरगुरतोय. पुन्हा मासे नकोत, पण टाकीत भाच्याची खेळणी साठायला लागल्यापासून बायको भंगारवाल्याचं नाव काढते. कमी उठाठेवीचं, जरा हटके काय पाळता येईल? दुकानातलं ज्ञान भरपूर मिळालंय, घरचे अनुभव लिहा. तारा कासव कृपया सुचवू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे, तरी एका दुकानदाराने हळूच विचारलंच, "स्टार पाहिजे का?"

मासेवेडी, ठाणे
चेरी श्रिंप घ्या, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी. जेमतेम इंचभर, लालचुटूक. सासूबाईंनी पाहताक्षणी विचारलं, "सोलायच्या कधी?" आता त्याच तासन्‌तास टाकीसमोर बसतात. मादी अंडी पोटाखाली धरते आणि इवल्या पायांनी त्यांना सारखा वारा घालते. महिनाभराने नजरेला जेमतेम दिसतील अशी पिल्लं सुटतात. तळाशी अख्खी पारदर्शक कोळंबी पडलेली दिसली तर घाबरू नका, ती कात असते. काढूही नका, त्याच खातात. बाकी खाणं म्हणजे शेवाळ, कधीतरी उकडलेलं पालकाचं पान. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. जपायचं दोन गोष्टींपासून: तांबं असलेली माशांची औषधं आणि झुरळांचा फवारा. पेस्ट कंट्रोलवाला आला की मी एअर पंप बंद करून टाकी प्लॅस्टिकने झाकते. मे महिन्यात पाणी तिशीच्या वर जाऊ देऊ नका, वर छोटा पंखा पुरतो.

नाशिककर
लाल कानाचं कासव घेणार असाल तर आधी आमच्याकडे येऊन वास घेऊन जा. दादाने आणलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं. दादाचं लग्न झालं, तो बंगळुरूला गेला, कासव इथेच. आता ताटलीएवढं झालंय, आणि ही मंडळी वीस-तीस वर्षं सहज जगतात. टाकी कधीच अपुरी पडली. बाल्कनीत टब, ऊन खायला वीट, दिवसाआड पाणी बदलणं. कंटाळून तळ्यात सोडणारे महाभाग असतात. हे कासव मूळचं अमेरिकेचं, आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं.

कोथरूडचा
अ‍ॅक्सोलॉटल हा पाण्यातच राहणारा, बेडकाच्या नात्यातला प्राणी फोटोत गोड दिसतो. त्याला १६ ते १८ अंशाचं पाणी लागतं, म्हणजे चिलर आणि विजेचं बिल. शिवाय तो साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने सरकारकडे नोंदणी करावी लागते. मी दुकानातूनच परत फिरलो.

लेस्टरवासी
लेकीच्या शाळेतून काडीकिडे आले. मूळचे तामिळनाडूचे, इथे प्रत्येक शाळेत सापडतील असं वाटतं. टाकी आडवी नको, उभी करा आणि उघड्या बाजूला जाळी लावा. कात टाकताना ते उलटे लटकतात, उंची कमी पडली तर पाय वाकडे राहतात. खाणं फुकट: कुंपणाच्या प्रिव्हेट झुडपाची पानं, रस्त्याकडेच्या ब्रॅम्बलची (रानटी ब्लॅकबेरीची) पानं. नर लागतच नाही, मादी एकटीच बियांसारखी अंडी टपाटपा टाकत राहते. ती गोळा करून फ्रीजरमध्ये घालायची, मगच कचऱ्यात. नाहीतर वर्षभरात घर त्यांचं.

जर्सी सिटी
लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्याठिपक्यांची पाल. टाकी कोरडी ठेवायची, एका बाजूला थर्मोस्टॅट लावलेली उबेची चटई, दोन्हीकडे लपायला जागा. आपल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. चक्क डोळे मिटून झोपते. खरी मेख खाण्यात. जिवंत अळ्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरून द्यायची, आणि अळ्या राहतात फ्रिजमध्ये. आई इथे आली, कोबीशेजारचा डबा उघडला, आणि आमच्याकडे दुसरा छोटा फ्रिज आला. पंधरा-वीस वर्षांची सोबत आहे ही, मुलं कॉलेजला गेली की सांभाळणार कोण ते आधी ठरवा.

धागाकर्ता
अळ्यांचं वाचून बायकोने गेको बाद केला. काडीकिडे बाद करायला तिला कारणही लागलं नाही. ठाणेकर ताई, तुमच्याकडे कोळंबीच्या टाकीसाठी जावा मॉस (पाण्यात वाढणारी शेवाळासारखी वनस्पती) जास्तीचं आहे का?

मासेवेडी, ठाणे
आहे की! श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन या. टाकी मात्र आजच भरा. पाण्यातलं क्लोरीन घालवून, मॉस टाकून महिनाभर फिल्टर नुसता चालू दे. कोळंबी त्यानंतर.