मदत हवी आहे: ग्रंथालयाच्या वार्तापत्रातील आरोग्य उपक्रमांना कर्मचारी प्रतिसाद देत नाहीत

देवघेव_विभाग
नमस्कार. मी नवी मुंबईतील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेव विभागात काम करते आणि गेल्या वर्षापासून कर्मचाऱ्यांचे मासिक वार्तापत्रही माझ्याकडे आहे. त्यातील एक पान कर्मचारी-वार्तेचे आणि एक पान कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य उपक्रमांचे असते. या सत्रात योगवर्ग, नेत्रतपासणी आणि समुपदेशकांची भेट असे तीन उपक्रम आहेत. तिन्ही विनामूल्य आहेत, तरीही योगवर्गाला पहिल्या आठवड्यात नऊ जण आले आणि आता दोघेच येतात. समुपदेशकांकडे तर एकाही व्यक्तीने नाव नोंदवलेले नाही. असेच चालले तर हे उपक्रम बंद करावे लागतील, असे ग्रंथपालांनी सांगितले आहे, आणि तसे झाले तर मला फार वाईट वाटेल, कारण ते सुरू व्हावेत म्हणून मी दोन वर्षे पाठपुरावा केला होता. अंक सोमवारी द्यायचा आहे. आवाहन कसे लिहावे, याचा नमुना कोणाकडे असल्यास कृपया आजच द्यावा.

ऐरोलीचा_वाचक
नमुना देण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. आपल्याकडे कर्मचारी किती आहेत, काम एकाच पाळीत चालते की दोन पाळ्यांत, आणि योगवर्ग किती वाजता, कोठे असतो?

निवृत्त_ग्रंथपाल_ठाणे
ताई, मजकुरापेक्षा जागा महत्त्वाची असते. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत ईमेलने पाठवलेली सूचना कोणी पूर्ण वाचल्याचे मला आठवत नाही. हजेरीच्या नोंदवहीशेजारी लावलेला कागद मात्र प्रत्येक जण वाचत असे, कारण सही करताना तेथे थांबावेच लागे. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. आपले कर्मचारीही या वार्तापत्राचे वाचकच आहेत, म्हणून सूचना पाच ओळींची करा आणि हजेरीशेजारी लावा.

साधक_घणसोली
प्रतिसाद नसण्याचे कारण योगाविषयीचे गैरसमज हे आहे, असे मी अनुभवाने सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून २१ जूनला जगभर योग दिन साजरा होऊ लागला, तरी आपल्याकडे लोक योग म्हणजे शरीर वाकडे-तिकडे करणे एवढेच समजतात. आपण पानावर सूर्यनमस्काराच्या बारा स्थितींची चित्रे द्या आणि प्रत्येक स्थितीचा लाभ लिहा. आमच्या सोसायटीत अशा चित्रांमुळे वर्ग भरला होता.

सकाळची_फेरी
साधकजी, सोसायटीतील निवृत्त मंडळींची गोष्ट वेगळी आणि ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांची वेगळी. माझी पत्नी महाविद्यालयीन ग्रंथालयात आहे. दिवसभरात ती खालच्या फळीवरील पुस्तके लावण्यासाठी असंख्य वेळा वाकते आणि वरच्या फळीसाठी तितक्याच वेळा हात ताणते. अशा माणसाला संध्याकाळी पुन्हा वाकायला सांगणे मला पटत नाही. ती वाशीच्या मिनी सीशोरला अर्धा तास चालते आणि तेवढ्याने तिची कंबर मोकळी होते. आपण चालण्याचा गट सुरू करावा.

साधक_घणसोली
चालण्याने कंबर मोकळी होत असेल, पण काउंटरवर बारकोड वाचताना आणि संगणकावर नोंदी करताना मान आणि मनगटे आखडतात, त्यांचे काय? वाकणे चुकीच्या पद्धतीने होते म्हणून त्रास होतो. गुडघ्यांत वाकून, पुस्तकांचा भार अंगाजवळ धरून उचलायला शिकवणे हाही योगशिक्षकाच्याच कामाचा भाग आहे.

अक्षरजुळणी
वार्तापत्र युनिकोडमध्ये तयार करता की जुन्या फाँटमध्ये? जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरे विस्कटतात आणि वाचणारा तेथेच थांबतो. अंक पीडीएफ करताना फाँट त्यातच अंतर्भूत केला आहे ना, तेही पाहावे. दोन स्तंभांची मांडणी मोबाईलवर वाचता येत नाही, म्हणून एकच स्तंभ ठेवावा.

देवघेव_विभाग
अक्षरजुळणीची अडचण नाही, अंक सर्वांना नीट वाचता येतो. योग चांगला की चालणे, हाही माझा प्रश्न नव्हता. मला सोमवारपर्यंत मजकूर हवा आहे. तरी विचारले आहे म्हणून सांगते: आम्ही एकूण चौतीस जण आहोत. ग्रंथालय सकाळी आठ ते रात्री आठ उघडे असते. पहिली पाळी आठ ते तीन आणि दुसरी एक ते आठ. योगवर्ग मंगळवारी आणि गुरुवारी सव्वा ते दोन या वेळेत प्रशासकीय इमारतीत असतो. नेत्रतपासणी एका बुधवारी सकाळी अकराला ठेवली होती.

ऐरोलीचा_वाचक
मग मजकुराला दोष देऊ नका. सव्वा वाजता विद्यार्थ्यांची मधली सुट्टी असेल आणि काउंटरवर सर्वाधिक गर्दी त्याच वेळी असेल. पहिल्या पाळीचे लोक तेव्हा डबा खातात आणि दुसरी पाळी नुकतीच येऊन काउंटर हाती घेते. शिवाय प्रशासकीय इमारतीपर्यंत जाऊन-येऊन दहा मिनिटे जात असतील. पहिल्या आठवड्यात आलेले नऊ जण कोणत्या विभागातले होते, ते आठवून पाहा. आणि सकाळी अकराच्या नेत्रतपासणीला दुसऱ्या पाळीतील माणूस दोन तास आधी कसा येईल? आमच्या कार्यालयातील दुसऱ्या पाळीतील सहकारी बदलापूरहून निघतात, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने येतात. तपासणी विनामूल्य असली तरी त्यांना ती दोन तासांना पडते.

देवघेव_विभाग
आठवले. नऊपैकी सात जण वर्गीकरण आणि तालिकीकरण (पुस्तकांची सूची करण्याच्या) विभागातले होते, त्यांना काउंटर नसतो. उरलेल्या दोघांपैकी एक मी होते, आणि मला वार्तापत्रासाठी सवलत मिळते. हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

तात्पुरता_सहायक
मी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेकेदारामार्फत काम करतो, म्हणून विचारतो. चौतीस जणांपैकी ठेक्यावरचे किती आहेत आणि नावनोंदणी कशी करायची असते? आमच्याकडे आरोग्य तपासणीच्या अर्जात कर्मचारी क्रमांक भरणे बंधनकारक होते. आम्हाला तो क्रमांक नसतो, तो रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे जात नाही, म्हणून आमच्यापैकी कोणीच नाव दिले नाही. पुढे साहेबांनी निष्कर्ष काढला की आम्हाला रस नाही. संस्थेचा ईमेल आम्हाला मिळत नसल्यामुळे वार्तापत्र तर आमच्यापर्यंत येतच नाही. वेतन २१,००० रुपयांच्या मर्यादेत असल्यामुळे माझे नाव कामगार राज्य विमा योजनेत आहे, परंतु डोळे तपासायला बाहेर जायचे तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. जेथे काम करतो त्याच इमारतीत तपासणी असती, तर मी नक्की गेलो असतो. गेल्या वर्षी मी पाच महिने जुन्या दाखल नोंदवह्यांतील (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदींच्या वह्यांतील) फिकट शाईच्या नोंदी पाहून संगणकात भरत होतो आणि संध्याकाळी फलाटावरचे इंडिकेटर मला दोन-दोन दिसत असे.

देवघेव_विभाग
आमच्याकडे ठेक्यावरचे चौदा जण आहेत. आमच्या अर्जातही कर्मचारी क्रमांकाचा रकाना आहे आणि तो मीच मागील अर्जावरून तसाच घेतला होता. वार्तापत्र ईमेलनेच जाते. आपण हे लिहिले नसते, तर मी अजून शब्दच बदलत बसले असते.

मनुष्यबळ_वाशी
समुपदेशकांकडे एकही नाव का आले नाही, याकडेही पाहू या. नाव कोणाकडे द्यायचे असते, समुपदेशक कोठे बसतात आणि वार्तापत्रात कोणाची व्यक्तिगत बातमी न विचारता छापली गेली आहे का?

देवघेव_विभाग
नाव विभागप्रमुखांमार्फत द्यायचे असते. समुपदेशक ग्रंथपालांच्या दालनाशेजारील बैठकीच्या खोलीत बसतात, तिचे दार काचेचे आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दोन महिन्यांपूर्वी मी एका ज्येष्ठ सहकारी ताईंच्या शस्त्रक्रियेची बातमी, शस्त्रक्रिया कसली होती त्या उल्लेखासह आणि लवकर बऱ्या व्हा अशा शुभेच्छांसह छापली. त्यांना आपुलकी वाटेल अशी माझी समजूत होती. त्या मला काहीही बोलल्या नाहीत, पण कामावर परत आल्यापासून चहाच्या वेळी आमच्या टेबलावर येत नाहीत. तळमजल्यावर पुस्तकांच्या ट्रॉलीशेजारी एकट्या उभ्या राहून चहा घेतात.

मनुष्यबळ_वाशी
मग समुपदेशकांकडे कोणी फिरकले नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही. काय बोलायचे आहे ते आधी विभागप्रमुखांना कळणार, मग काचेतून सर्वांना दिसणार, आणि कदाचित पुढच्या महिन्यात छापलेही जाणार, अशी भीती कर्मचाऱ्यांच्या मनात असेल तर ती निराधार म्हणता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आजाराविषयी आणि उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. समुपदेशन घेणारा प्रत्येक जण आजारी असतो असे नाही, तरी काळजी त्याच दर्जाची हवी. वेळ थेट समुपदेशकांच्या दूरध्वनीवर ठरवता आली पाहिजे आणि खोली वेगळ्या मजल्यावर हवी. ज्यांना कार्यालयात बोलायचेच नाही, त्यांच्यासाठी टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक पानावर ठळक छापा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

निवृत्त_ग्रंथपाल_ठाणे
कर्मचारी-वार्तेविषयी माझे मत ठाम आहे: निवृत्ती, बढती, सेट-नेट किंवा पीएच.डी.चे यश एवढेच छापावे, आजारपण कधीही छापू नये.

ऐरोलीचा_वाचक
सरसकट मनाई मला योग्य वाटत नाही. माझ्या वडिलांच्या हृदयविकाराची बातमी त्यांच्या कार्यालयाच्या पत्रकात आली होती, तेव्हा सहकाऱ्यांनी रुग्णालयात रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या होत्या. ती मदत आम्ही विसरलेलो नाही. मात्र बातमी देण्यापूर्वी वडिलांना विचारले होते. विचारणे आवश्यक आहे.

निवृत्त_ग्रंथपाल_ठाणे
विचारले तरी तोंडावर नाही म्हणणे सर्वांना जमत नाही, विशेषतः विचारणारा वरिष्ठ असेल तर. तरीही आपला अनुभव मी मान्य करतो. ताईंनी किमान लेखी होकार घ्यावा आणि छापण्यापूर्वी मजकूर त्या व्यक्तीला दाखवावा.

कोरडी_फळी
या सर्व चर्चेत कोणी धुळीचा उल्लेख केलेला नाही. पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेत बांधणीच्या कापडावर पांढरट बुरशी धरते. कर्मचारी ती कोरड्या फडक्याने झटकतात आणि दिवसभर शिंकतात. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जात नाही, त्या किड्यांसाठी असतात आणि बंद खोलीत त्यांच्या वासाने डोके दुखते. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते, म्हणून आर्द्रता कमी करणारे यंत्र, बारीक गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर आणि एन-९५ मुखपट्ट्या यांवर खर्च करावा. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा उपक्रम म्हणून मी यालाच पहिले स्थान देईन.

तात्पुरता_सहायक
याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. जुने गठ्ठे झटकण्याचे काम बहुतेक ठिकाणी आमच्याकडेच येते.

देवघेव_विभाग
काल ग्रंथपालांशी अर्धा तास बोलले. मजकूर सोडून वेळेविषयी बोलायला आले, याचे त्यांना नवल वाटले, पण त्यांनी ऐकून घेतले. दोन्ही पाळ्या एक ते तीन या वेळेत एकत्र असतात आणि दोननंतर काउंटर शांत होतो, म्हणून सव्वादोन ते पावणेतीन ही वेळ ठरली आहे. जागा पहिल्या मजल्यावरील नियतकालिक विभागाची असेल आणि काउंटरवर कोणी थांबायचे, याची पाळी लावली जाईल. नावनोंदणीतील कर्मचारी क्रमांकाचा रकाना काढला. नेत्रतपासणी पुन्हा होईल, या वेळी दुपारी दोनला. मुखपट्ट्या लगेच मिळतील, व्हॅक्यूम क्लीनरची मागणी पुढच्या अंदाजपत्रकात घालायची आहे. समुपदेशकांच्या खोलीचा निर्णय अजून झालेला नाही.

साधक_घणसोली
जेवणानंतर एका तासाने आसने करणे योग्य नाही, किमान तीन तासांचे अंतर असावे. त्या वेळेत खुर्चीत बसून मान, खांदे, मनगटे आणि डोळे यांच्याच हालचाली घ्याव्यात, आणि तसे सूचनेत स्पष्ट लिहावे, म्हणजे साडी नेसलेल्या भगिनीही निःसंकोच येतील.

देवघेव_विभाग
ही सूचना फार उपयोगी आहे. मजकूर असा केला आहे, कृपया पाहावा:

«मंगळवार आणि गुरुवार, दुपारी सव्वादोन ते पावणेतीन, नियतकालिक विभाग, पहिला मजला. खुर्चीत बसून करायच्या मान, खांदे, मनगटे आणि डोळ्यांच्या हालचाली. नेहमीच्या कपड्यांत यावे. कायम आणि ठेक्यावरील सर्व कर्मचाऱ्यांसाठी खुले. ही वेळ कामाच्या वेळेतच धरली जाईल आणि तेवढा वेळ काउंटरवर दुसरे सहकारी असतील. टेली-मानस: १४४१६, विनामूल्य, चोवीस तास.»

आज सकाळी मी त्या ताईंकडे जाऊन क्षमा मागितली. त्या म्हणाल्या की, शस्त्रक्रियेचे त्यांनी सासरी सांगितले नव्हते आणि अंक कोणीतरी घरी नेला होता. यापुढे त्यांचे नाव कोणत्याही कारणाने छापायचे नाही, असे त्यांनी सांगितले आणि मी तसे लिहून ठेवले आहे. चहाला त्या आजही आल्या नाहीत.

निवृत्त_ग्रंथपाल_ठाणे
मजकूर नेमका झाला आहे. परंतु नाव कोणाकडे द्यायचे, हे यात लिहिलेले नाही.

देवघेव_विभाग
खरे आहे, राहूनच गेले. नाव देण्याची गरज नाही, थेट यावे, अशी ओळ घातली आहे. आजच हजेरीशेजारी आणि ठेक्यावरील सहकारी जेथे डबे ठेवतात त्या कपाटावर, अशा दोन प्रती लावते.