बकेट माउंट केली म्हणून ती डिस्क होत नाही

कळफलक
परवा एक लेख वाचनात आला. मथितार्थ असा: सर्व्हरलेस कंटेनरला (सर्व्हर न सांभाळता क्लाउडवर चालणाऱ्या तुमच्या प्रोग्रॅमच्या डब्याला) बकेट, म्हणजे क्लाउडवरचा फाइलींचा साठा, माउंट करा, फोल्डरसारखी जोडा, एसडीकेचा (बकेटशी बोलणाऱ्या लायब्ररीचा) सगळा कोड काढून टाका, तुम्हाला कधीच न भरणारी डिस्क मिळाली. खाली शाबासक्यांची रांग. नवी मुलं हे वाचून उद्या प्रॉडक्शनला लावतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

क्लाउड रनवर, म्हणजे गुगलच्या सर्व्हरलेस सेवेवर, बकेट माउंट करता तेव्हा मधे फ्यूज (बकेट फोल्डरसारखी दाखवणारा गुगलचा प्रोग्रॅम) बसलेलं असतं. तुमचा प्रोग्रॅम फाइल उघडतो, वाचतो, लिहितो. फ्यूज त्याच्या एचटीटीपी विनंत्या करतं. पलीकडे डिस्क नाहीच. ऑब्जेक्ट, म्हणजे बकेटमधली फाइल, जागच्या जागी बदलता येत नाही, त्यामुळे २०० एमबीच्या फाइलमधली एक ओळ बदलली तरी अख्खी फाइल पुन्हा वर जाते. साध्या बकेटमध्ये फोल्डर म्हणजे नावातला तिरपा दंड, दुसरं काही नाही. भरलेल्या फोल्डरचं नाव बदलायची मुभा फ्यूज मुळात देत नाही, सेटिंगमध्ये ती दिलीत की आतलं एकेक ऑब्जेक्ट कॉपी होतं आणि जुनं पुसलं जातं. मधेच इन्स्टन्स (कंटेनरची चालू प्रत) गेला तर निम्मा माल इकडे, निम्मा तिकडे. दोन इन्स्टन्सनी एकाच फाइलवर लिहिलं तर शेवटी लिहिणाऱ्याचं राहतं, आधीच्याचं गेलं. कुणी कळवायलाही येत नाही.

यातलं एक अक्षरही त्या लेखात नाही. राग त्याचा आहे.

मॉडेलवाली
असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

आमचं एआय मॉडेल काही जीबीचं आहे. लायब्ररीला फाइलचा पाथ लागतो, तिला बकेट वगैरे कळत नाही. माउंटच्या आधी ते इमेजमध्ये (कंटेनर ज्यातून उभा राहतो त्या गठ्ठ्यात) कोंबत होतो, मग मॉडेल बदललं की इमेज नवी, डिप्लॉय नवा. आता माउंट फक्त वाचण्यापुरतं केलंय, मॉडेलचा पाथ सेटिंगमध्ये दिला, संपलं. अशा कामाला एसडीके कशासाठी? शिवाय प्रत्येकाकडे सोर्स कोड असतो असं तुम्ही धरून चालता. आमच्याकडे एक विकत घेतलेला बंद बायनरी आहे, तो फोल्डरमधून उचलतो आणि फोल्डरमध्ये टाकतो. त्याला एसडीके कुठून घालू? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

रात्रपाळी
वाचण्याबद्दल बोलतच नाही कुणी. लिहिण्याचं बोला.

एका पुरवठादाराने आम्हाला रिपोर्टची झिप बनवणारी सर्व्हिस करून दिली. झिप थेट माउंटवर लिहायची. छोट्या ग्राहकांना छान चालली. मोठा ग्राहक आला की कंटेनर मरायचा. अ‍ॅपच्या लॉगमध्ये चकार शब्द नाही, बकेटमध्ये फाइल नाही, आणि मी रात्री तीन वाजता मेमरीचा आलेख बघतोय: सरळ वर चढतो आणि तुटतो. कारण क्लाउड रनमध्ये कंटेनरची स्थानिक फाइलसिस्टीम मेमरीतच असते. फ्यूज लिहिताना फाइल आधी तिथे साठवतं आणि बंद झाल्यावर वर पाठवतं. मर्यादा ५१२ एमबीची, म्हणजे जी मुळात मिळते तीच. ‘न भरणारी डिस्क’ मेमरी भरून मेली.

मॉडेलवाली
हे जुनं झालं. फ्यूजच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सलग लिहिलेली फाइल तुकड्यातुकड्याने थेट वर जाते.

रात्रपाळी
सलग असेल तर! झिप लिहिणारे बरेच प्रोग्रॅम मागे येऊन हेडरमध्ये आकार भरतात. मागे आलात की सलगपणा मोडला, फ्यूज परत जुन्या वाटेने साठवायला लागतं. एमपीफोर बनवतानाही तेच. एफएफएमपेग (व्हिडिओ बनवणारा प्रोग्रॅम) शेवटी मागे जाऊन आकार लिहितो. फ्रॅगमेंटेड (तुकड्यांच्या) एमपीफोरचा पर्याय दिला तरच सलग जातं. हे कुठल्या उत्साही लेखात वाचलंत?

सुतळी
तुम्ही सगळे उगाच घाबरवताय. मी माउंटवर एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) चालवतो. कमाल इन्स्टन्स एक ठेवलाय, लॉकचा (एका वेळी एकानेच लिहावं याचा) प्रश्नच संपला. वापर नसेल तेव्हा सगळं शून्यावर येतं. नेहमीचा मॅनेज्ड डेटाबेस (क्लाउड कंपनी सांभाळते तो) घेतला की कुणी वापरो न वापरो, चोवीस तास मीटर चालू. छोट्या माणसाने काय करायचं ते सांगा आधी.

कळफलक
सुतळी, हेच. याच्याच भीतीने धागा काढला.

कमाल एक म्हणजे एकच असं नाही. नवी रिव्हिजन (सेवेची आवृत्ती) टाकलीत की नवी उभी राहते आणि जुनी तिच्या विनंत्या संपवत असते. तेवढा वेळ दोघांकडे तीच डेटाबेस फाइल उघडी. आणि लॉक? या फ्यूजमध्ये लॉकची सोय नाही, म्हणून लिनक्स कर्नल तो स्वतःच देतं, पण त्या एका इन्स्टन्सपुरता. दोघांनाही लॉक मिळतो, दोघंही निर्धास्त लिहितात. लॉक नाकारला असता तर परवडलं असतं, निदान एरर दिसली असती.

सुतळी
माझ्याकडे डिप्लॉय रात्री होतो. तेव्हा कुणी नसतं.

निरीक्षक
एकाच इन्स्टन्सवरही हे टिकत नाही. प्रत्येक कमिटला (बदल पक्का करताना) एसक्यूलाइट फाइल सिंक करायला, म्हणजे डिस्कवर उतरवायला, सांगतं, म्हणजे प्रत्येक कमिटला अख्खी डेटाबेस फाइल वर. गुगलच्या बकेटमध्ये एकाच नावाच्या ऑब्जेक्टवर सेकंदाला एकदा लिहायची मर्यादा आहे. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवायची एसक्यूलाइटची पद्धत) लावू म्हणाल तर त्याला सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर लागतात, नेटवर्क फाइलसिस्टीमवर तो चालत नाही असं एसक्यूलाइटवाले स्वतःच लिहितात. लाइटस्ट्रीम वापरा: फाइल स्थानिक ठेवा, बदल बकेटमध्ये पाठवा, सुरू होताना तिथून परत उभी करा.

सुतळी
म्हणजे आणखी एक प्रोसेस सांभाळा. आणि इन्स्टन्स अचानक गेला तर शेवटचे काही बदल गेलेच ना तिथेही?

निरीक्षक
हो, शेवटचे काही क्षण जाऊ शकतात. तुमच्याकडे अख्खी फाइल जाऊ शकते. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर माझं बोलणं खुंटलं.

सुतळी
बोलणं खुंटलं म्हणे. माझ्या ओळखीत अशाच जाणकारांनी एका दोन माणसांच्या धंद्याला तीन सर्व्हर आणि मॅनेज्ड डेटाबेस घ्यायला लावला. महिन्याचं बिल कमाईच्या वर गेलं, धंदा बंद. तेव्हा कुणी आलं नाही विचारायला. डेटा गमावणं वाईट, मान्य. पैसे गमावणं कमी वाईट का?

रात्रपाळी
पण तो डेटा तुमच्या ग्राहकांचा आहे. बिल तुम्ही भरता, नुकसान ते भरतात. हे एकाच तराजूत घालू नका, चीड येते.

मॉडेलवाली
धागा माउंटचा होता. गेले सात-आठ प्रतिसाद एसक्यूलाइटच चाललंय.

कळफलक
बरोबर आहे. तुमच्या मूळ मुद्द्याला उत्तर राहिलं होतं. फक्त वाचायचं, फाइली मोठ्या आणि क्वचित बदलणाऱ्या, तर माउंट ठीक. तेवढं मान्य करतो, पण माउंट रीड-ओन्ली असेल तरच. आणि मॉडेल त्याच नावाने वरून बदलू नका, नव्या नावाने टाका. फ्यूजची मेटाडेटा कॅश (फाइलींबद्दल लक्षात ठेवलेली माहिती) मुळात ६० सेकंदांची असते, त्यात जुनी माहिती मिळू शकते. तुमच्या बंद बायनरीचं मात्र तो लिहितो कसा त्यावर आहे.

मॉडेलवाली
‘तेवढं’ मान्य केलंत, आभारी आहे. नावात तारीख आम्ही आधीपासूनच घालतो.

निरीक्षक
सगळे गुगलचंच बोलताय म्हणून एक भर. फारगेटवर (अ‍ॅमेझॉनची सर्व्हरलेस कंटेनर सेवा) फ्यूजला लागणारी परवानगीच मिळत नाही, तिथे ईएफएस, आणि तेही २०२० पासून. अ‍ॅझ्युअर कंटेनर अ‍ॅप्समध्ये माउंट होतं ते अ‍ॅझ्युअर फाइल्स, ब्लॉब (तिथली बकेट) नव्हे. ही दोन्ही खरी शेअर्ड फाइलसिस्टीम आहेत, लॉकसकट. अ‍ॅमेझॉनचं बकेट माउंट करायचं स्वतःचं माउंटपॉइंट आहे, पण ते साध्या बकेटमध्ये असलेल्या फाइलच्या मधे लिहू देत नाही, सरळ एरर देतं. मला तो प्रामाणिकपणा आवडतो. चालत नाही ते चालत नाही म्हणून सांगितलेलं बरं.

सुतळी
लाइटस्ट्रीम बघतो. पटलंय म्हणून नाही, एक सेकंदाची मर्यादा माहीत नव्हती म्हणून. इन्स्टन्स बंद होताना त्याला किती वेळ मिळतो?

निरीक्षक
क्लाउड रनवर सिगटर्म (बंद व्हायचा सिग्नल) आल्यापासून १० सेकंद. लाइटस्ट्रीमच्या आत अ‍ॅप चालवा, म्हणजे सिग्नल आधी त्याला मिळेल आणि उरलेलं तो पाठवून देईल. आणि डिप्लॉयच्या वेळी दोन इन्स्टन्सचा कळफलक यांचा मुद्दा तिथेही लागू आहे. आधी जुनी रिव्हिजन बंद करा, मगच नवी उभी करा. तेवढा वेळ सेवा बंद राहील.