दूध संस्थेच्या तक्त्यात प्रायमरी की कुठली: सभासद नंबर की वेगळा आयडी?

खानापूरचा_पाऊस: आमच्या भागातल्या एका दूध संस्थेसाठी एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) छोटा प्रोग्रॅम करतोय. उत्पादक अडीचशेच्या आसपास. सेक्रेटरी म्हणतात, सभासद नंबर हीच प्रायमरी की, म्हणजे तक्त्यातली प्रत्येक ओळ ओळखायची खूण. माझं मत उलटं. ज्या आकड्याला व्यवहारात काहीच अर्थ नाही असा वेगळा आयडी हवा. इथं नंबर माणसाचा नसतो, घराचा असतो. म्हातारा गेला की ११२ थोरल्या पोराच्या नावावर चढतो. मग बापाची जुनी बिलं पोराच्या नावाखाली दिसणार, आणि बोनस वाटताना भावाभावांत जुंपणार. मोबाइल नंबर तर नकोच. सिम बंद पडलं की काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. नावाचं तर विचारूच नका, निम्मं गाव पाटील, त्यात रेशनकार्डावर कन्नडात आणि शाळेच्या दाखल्यावर मराठीत.

निपाणीकर_८७: साफ अमान्य. पहाटे रांगेत बाई "सत्त्याऐंशी" म्हणते, काट्यावरचा पोरगा सत्त्याऐंशी टाइप करतो. पुस्तकावर तोच, बिलावर तोच. तुमचा आयडी कोण विचारणार? प्रत्येक रिपोर्टला उगाच एक जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणं. नंबर बदललाच तर फॉरेन कीला (दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीकडं बोट दाखवणाऱ्या रकान्याला) 'ऑन अपडेट कॅस्केड' लावा, खालच्या नोंदी आपोआप बदलतील. आणि तुम्हीच सांगताय नंबर घराचा. मग तक्ता माणसांचा करताय की खात्यांचा, ते आधी ठरवा की. खात्याचा असेल तर नंबरच बरोबर. वारसाची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवा, कुठल्या तारखेपासून कोण ते लिहून.

खानापूरचा_पाऊस: खातं आणि माणूस वेगळे ठेवायचे हे पटलं, दोन तक्ते करतो. पण कॅस्केड इथं कामाचं नाही. नंबर तसाच राहतो, माणूस बदलतो. त्यात भाऊ वेगळे झाले की धाकट्याला "११२अ". झाला की तुमचा आकडा मजकूर! आणि एसक्यूलाइटमध्ये प्रायमरी की मजकुराची असली तर रिकामी किंमतही चालून जाते, 'नॉट नल' आपण वेगळं लिहावं लागतं. शिवाय बंद पडलेला नंबर सेक्रेटरी नव्या माणसाला देतात. म्हणून आयडी वेगळा, आणि नंबरवर युनिक इंडेक्स (शोधायची यादी, जिच्यात तोच नंबर दोनदा बसत नाही), तोही फक्त चालू खात्यांपुरता. अट घालून असा इंडेक्स एसक्यूलाइटमध्येही करता येतो आणि पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसमध्येही.

टिळकवाडी_रात्रपाळी: दोघंही एकच कॉम्प्युटर धरून बोलताय. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात नेट किती टिकतं? दोन संकलन केंद्रांनी नेट नसताना एकेक नवा उत्पादक घेतला, तर दोन्हीकडं आयडी २५१. संध्याकाळी डेटा एकत्र करताना काय करणार? यूयूआयडी घ्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर बनवला तरी दुसऱ्याशी सहसा न जुळणारा लांब आयडी. २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकातली त्याची सातवी आवृत्ती वेळेच्या क्रमानं वाढते, त्यामुळं इंडेक्सही फार विस्कटत नाही.

निपाणीकर_८७: अडीचशे उत्पादकांना छत्तीस अक्षरांची की! सेक्रेटरी फोनवर वाचून दाखवतील काय ती? केंद्र आणि क्रमांक मिळून जोड-की करा, काम झालं.

टिळकवाडी_रात्रपाळी: वाचायला नंबर आहेच ना अण्णा, की कुणी वाचायची नसते. आणि जागेचा बाऊ नको. अडीचशे जण, दोन वेळा दूध, वर्षाला १,८२,५०० नोंदी. प्रत्येकीत ३६ बाइट धरले तरी साडेसहा एमबी. इंडेक्समुळं दुप्पट धरा. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा येतो. १६ बाइटच्या स्वरूपात ठेवलं तर निम्म्याहून कमी.

चिकोडीचा_हिशेब: खरी मारामारी उत्पादकांच्या नाही, दुधाच्या नोंदींच्या तक्त्यात आहे. तिथं खातं, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ एवढीच की केली, तर गाय आणि म्हैस दोन्ही असलेल्या घराची दुसरी नोंद अडते. दुधाचा प्रकार घाला, तरी कुणीतरी दुसरं कॅन उशिरा आणतंच. म्हणून नोंदीला स्वतःचा आयडी द्या. तीच नोंद दोनदा पडू नये म्हणून पावती क्रमांकावर युनिक. आयडीत खंड पडला तर भरत बसू नका. आणि एसक्यूलाइटमध्ये साधी 'इंटिजर प्रायमरी की' असली आणि सगळ्यात मोठ्या आकड्याची ओळ खोडली, तर तोच आकडा पुढच्याला मिळतो. खोडलेली नोंद कागदावर छापली गेली असेल तर घोळ. मग 'ऑटोइन्क्रिमेंट' (वापरलेला आकडा पुन्हा न देणारी सोय) लावा, नाहीतर खोडूच नका, 'रद्द' असा रकाना ठेवा. मी दुसरं करेन.

खानापूरचा_पाऊस: रद्दचा रकाना घेतो. केंद्र सध्या एकच आहे, म्हणून आकडाच ठेवतोय, यूयूआयडी नाही.

टिळकवाडी_रात्रपाळी: दुसरं केंद्र निघेल तेव्हा सगळ्या फॉरेन की बदलत बसाल.

निपाणीकर_८७: निघू दे की आधी! मी अजून नंबरच म्हणतो. पण आयडी ठेवणारच असाल तर एक बघा: एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी एरवी बंदच असते. दर कनेक्शनला 'प्राग्मा फॉरेन कीज ऑन' द्यावं लागतं. ते राहिलं तर नसलेल्या उत्पादकाच्या नावावरही दूध जमा होईल.