दिवाळी अंक, युवा पान: ड्यूरनच्या लेखाचा मथळा (आज रात्रीपर्यंत कळवा)

प्रेषक: शुभदा (अंक समिती)

मंडळी, नमस्कार.

पान १४ अडलंय, बाकी अंक लागला. शनिवारी सकाळी फाइल छापखान्यात गेली नाही तर दिवाळीच्या कार्यक्रमात अंक हातात पडणार नाही.

युवा गटाने आपल्या डेट्रॉइट पिस्टन्स या बास्केटबॉल संघाचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) जेलेन ड्यूरन याच्यावर लिहिलंय. मुलांनी दिलेला मथळा: 'ड्यूरन आता तयार आहे'. लेखात मागण्या अशा, की त्याला मिनिटं वाढवून द्या, चेंडू जास्त वेळा त्याच्या हातात जाऊ द्या, आणि २० ऑक्टोबर २०२५ च्या मुदतीआधी त्याचा करार वाढवा. काल दोघांचे फोन आले की मंडळाच्या अंकात इतकं ठाम विधान नको, निदान प्रश्नचिन्ह टाका. मथळ्याला एकच ओळ आहे. खालचं मुलांनी काढलेलं चित्र हलणार नाही.

विधान की प्रश्नचिन्ह? इथेच लिहा, मला वेगळे मेसेज करू नका. चार ठिकाणची मतं गोळा करायला आता वेळ नाही.

शुभदा

---

प्रेषक: माधव (कँटन)

शुभदा, फोन करणाऱ्यांपैकी एक मी. प्रश्नचिन्ह हवंच.

आपण डेट्रॉइटवाल्यांनी हे एकदा पाहिलंय. आपला आधीचा सेंटर आंद्रे ड्रमंड २०१२ मध्ये आला तेव्हाही हेच बोलत होतो: वय लहान, अंगात ताकद, रिबाउंड (हुकलेला चेंडू) खेचतो, द्या त्याच्याकडे संघ. २०१६ मध्ये मोठा करार दिला. रिबाउंडमध्ये तो चार वेळा लीगमध्ये पहिला आला, ते खरं आहे. पण प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) २०१६ ला क्लीव्हलंडकडून ४-० हरलो आणि २०१९ ला मिलवॉकीकडून ४-०. फाउलनंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोची तर दशा अशी की ह्यूस्टनने एका सामन्यात मुद्दाम फाउल करून करून त्याला ३६ वेळा लाइनवर पाठवलं आणि त्यातले २३ चुकले. शेवटी २०२० मध्ये क्लीव्हलंडला जवळपास फुकट दिला.

आता ड्यूरनचे आकडे बघा. २०२३-२४ मध्ये सामन्याला सरासरी १३.८ गुण, ११.६ रिबाउंड. मागच्या मोसमात (२०२४-२५) ११.८ आणि १०.३. फ्री थ्रो शंभरात ७९ वरून ६७ च्या आसपास आले. तयार झालेला खेळाडू खाली येतो का?

माधव

---

प्रेषक: निखिल (युवा गट)

माधवकाका,

> तयार झालेला खेळाडू खाली येतो का?

२०२३-२४ चा संघ आठवा ना. १४ विजय, ६८ पराभव, मध्ये सलग २८ सामने हरलो. त्या संघात आकडे कुणाचेही फुगतात, कारण सामना तिसऱ्या क्वार्टरलाच संपलेला असायचा. मागच्या मोसमात ४४-३८. ड्यूरनची मिनिटं २९ वरून २६ वर आली आणि तरी रिबाउंड दहाच्या वर. टाकलेल्या चेंडूंपैकी शंभरात ६९ आत गेले. मिनिटं कमी झाली म्हणून गुण कमी झाले, खेळ कमी झाला नाही.

आणि मुलांनी लेख वाऱ्यावर लिहिलेला नाही. श्रोडर, हार्डवे आणि ज्याने मोसमात ३१९ तीन गुणांचे शॉट टाकले तो बीझली, तिघेही या उन्हाळ्यात गेले. डंकन रॉबिन्सन आणि लव्हर्ट आलेत. आपला मुख्य गार्ड केड कनिंगहॅम, त्याच्यावरचा भार कुणीतरी उचलायलाच हवा. ड्यूरन येत्या नोव्हेंबरात २२ पूर्ण करेल. आत्ता नाही तर कधी?

फ्री थ्रोचं मान्य. लेखात ते आहे, चौथ्या परिच्छेदात.

निखिल

---

प्रेषक: वैशाली (ट्रॉय)

माधवदादा, ड्रमंडवर सगळं ढकलू नका. त्याच्याभोवती कोण होतं? कोच बदलत राहिले, चेंडू खेळवणारा पॉइंट गार्डही. उंच माणसाला चेंडू वेळेवर आणि योग्य उंचीवर मिळाला तरच तो मोठा दिसतो. त्याच्या वाट्याला तसा गार्ड फार थोडा काळ आला. ड्यूरनला केड मिळालाय. केड दोन डिफेंडर अंगावर घेऊन रिमजवळ लॉब (उंच पास) टाकतो, तेव्हा ड्यूरनला वर जाऊन तो आत दाबायचा एवढंच उरतं. दोघांची तुलना इथेच संपते.

संघाने 'पॅलेस' हे जुनं स्टेडियम सोडल्यापासून आम्ही सामन्याला जाणंच कमी केलंय. ऑबर्न हिल्सला कामावरून सरळ जाता यायचं. आता डाउनटाउनचं पार्किंग आणि परतीची गर्दी.

वैशाली

---

प्रेषक: माधव (कँटन)

वैशाली, तू जे लिहिलंस ते माझ्याच बाजूचं आहे. केड चेंडू देतो म्हणून ड्यूरन मोठा दिसतो. मग केड बाकावर असताना त्याच्याकडून काय निघतं? मुलांनी 'चेंडू जास्त वेळा त्याच्या हातात' असं मागितलंय. माझा आक्षेप तिथे आहे.

माधव

---

प्रेषक: संजय (क्रीडा समिती)

मंडळी,

विषय चांगला चाललाय, पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. अंकातलं खेळाचं पान क्रीडा समितीच्या नजरेखालून जातं, हे मागच्या कार्यकारिणीत ठरलं होतं. हा लेख माझ्याकडे आला नाही. मुलांच्या लिखाणाला माझा विरोध नाही, उलट बास्केटबॉलवर मराठीत लिहिताहेत याचा मला आनंद आहे. पद्धत पाळली जावी एवढंच.

दुसरं, सामन्याच्या ग्रुप तिकिटांसाठी अजून नावं येताहेत. ती मला पाठवा, या धाग्यात नको.

संजय

---

प्रेषक: शुभदा (अंक समिती)

संजय, हे 'युवा पान' आहे, खेळाचं पान २२ वर आहे आणि ते तुझ्याकडून गेलंय. युवा पानावर मुलांनी काय लिहायचं ते मुलं ठरवतात. मी फक्त मथळा विचारतेय.

---

प्रेषक: आप्पा (नोव्हाय)

सर्वांस नमस्कार.

मी ड्रमंडपेक्षाही मागे जातो. २००३ सालच्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तिथे) आपल्याकडे दुसरा क्रमांक होता. लेब्रॉननंतर लगेच आपण. घेतला डार्को मिलिचिच, १८ वर्षांचा, सात फुटी. त्याच्यामागे कार्मेलो अँथनी, बॉश, वेड होते. संघ पुढच्याच वर्षी विजेता झाला, त्यामुळे कोच लॅरी ब्राउनला पोराला खेळवायची गरज पडली नाही. तो बाकावर बसून राहिला आणि २००६ मध्ये ऑरलँडोला गेला. तो मुळातच कमी होता की बसवून ठेवल्याने कमी झाला, यावर आमच्यात आजही वाद होतात. मला वाटतं की उंच मुलाला उशिरा संधी दिल्याचा तोटा लवकर दिल्याच्या तोट्यापेक्षा मोठा असतो. त्याला चुका करायला सामने लागतात. सरावात समोरच्याचा खांदा छातीवर तसा बसत नाही.

मुंबईत नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर आम्ही खेळायचो तेव्हा मुलगा उंच दिसला की त्याला बोर्डाखाली उभा करायचे आणि सांगायचे, इथून हलायचं नाही. एक पोरगा होता, पास फार सुंदर द्यायचा. पण सेंटरने पास द्यायचा नसतो अशी तेव्हाची समजूत, त्याने पास टाकला की बाहेरून ओरडा व्हायचा. दोन वर्षांत त्याने खेळ सोडला. ड्यूरनचा पास मी बघतो. स्क्रीन लावून (डिफेंडरची वाट अडवून) तो मधे येतो, चेंडू घेतो आणि कोपऱ्यातल्या नेमबाजाला देतो. मागच्या मोसमात हे बरंच वाढलं. तेवढ्यासाठी तरी चेंडू त्याच्या हातात गेला पाहिजे.

विधानच ठेवा. प्रश्नचिन्ह नको.

आप्पा

---

प्रेषक: राहुल (अ‍ॅन आर्बर)

आप्पा, नागपाड्याचं अगदी खरं. पुण्यात डेक्कनवरही आम्हा उंच मुलांना ड्रिबल करू देत नसत. चेंडू खाली टेकवला की कोच शिट्टी फुंकायचे.

---

प्रेषक: मंजिरी (फार्मिंग्टन हिल्स)

मंडळी, हा सगळा वाद गुण आणि चेंडूभोवतीच फिरतोय, म्हणून लिहिते. सेंटरची मोठी भूमिका म्हणजे जास्त शॉट, हे कुणी ठरवलं? याच शहरात बेन वॉलेस होऊन गेला. ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नव्हता, सहा फूट नऊ इंच, ऑरलँडोकडून ग्रँट हिलच्या बदल्यात आला. २००४ च्या अंतिम मालिकेत शकील ओ'नीलच्या लेकर्सना आपण ४-१ हरवलं, त्या मोसमात वॉलेसची सरासरी दहा गुणांचीसुद्धा नव्हती. वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू मात्र चार वेळा झाला. कबड्डीत डाव्या कोपऱ्याचं नाव फलकावर क्वचित लागतं, पण तो सुटला की चढाईवाला पूर्ण अंगण फिरून येतो. सेंटरचं तसंच.

म्हणून मी प्लेऑफमधली न्यूयॉर्क निक्सविरुद्धची मालिका पुन्हा लावून पाहिली, ड्यूरनवर नजर ठेवून. आपला दुसरा सेंटर स्टुअर्ट पहिल्या सामन्यानंतर गुडघ्यामुळे बाहेर गेला. पुढचे पाच सामने आत ड्यूरन, नाहीतर पॉल रीड. आपला कोच बिकरस्टाफने निक्सच्या टाउन्सवर टोबायस हॅरिसला लावलं आणि ड्यूरनला जॉश हार्टवर. माधवदादा म्हणतील, बघा, कोचलाच भरवसा नव्हता. मला ते तसं वाटत नाही. हार्टला लांबून टाकू द्यायचं आणि ड्यूरनला रिमजवळ ठेवायचं, हा त्यामागचा डाव. क्लीव्हलंडला जॅरेट ॲलन आणि मोबली यांना सांभाळलेला कोच आहे तो, उंच माणूस कुठे उभा करायचा हे त्याला कळतं.

आता त्याचे पाय बघा. निक्सचा गार्ड ब्रन्सन आत शिरतो, खांदा देतो, थांबतो, चेंडू दाखवतो. पहिल्या वर्षी ड्यूरन त्या पहिल्याच हुलीला उडायचा आणि फाउल घ्यायचा. या मालिकेत कित्येक वेळा टाचा जमिनीवर, दोन्ही हात वर, आणि ब्रन्सनने चेंडू सोडल्यावरच तो उठतो. पण पुढच्याच खेपेला उशीर होतो, मदतीला सरकताना एक पाऊल कमी पडतं, मागे हार्ट रिबाउंड घेऊन जातो. म्हणजे त्याला ते समजलंय, अजून अंगवळणी पडायचंय.

मागच्या मोसमात चुरशीच्या सामन्यांत शेवटी बऱ्याचदा ड्यूरन बाकावर आणि स्टुअर्ट मैदानात असायचा, कारण बचावात स्टुअर्टचा भरवसा जास्त. माझी मागणी एवढीच: ती शेवटची मिनिटं ड्यूरनला द्या. चुकला तरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चुकू द्या. एप्रिलमध्ये स्टुअर्ट पुन्हा दुखावला तर ड्यूरनशिवाय आपल्याकडे आहे कोण? शॉट वाढवायचे की नाही ते नंतर बघू.

मंजिरी

---

प्रेषक: माधव (कँटन)

मंजिरी, हे वेगळं आहे. बचावासाठी आणि शेवटच्या मिनिटांसाठी म्हणत असाल तर माझी हरकत नाही. निक्सच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जाऊन दुसरा सामना १००-९४ जिंकला, तेव्हा २००८ नंतर पहिल्यांदा प्लेऑफचा सामना आपल्या नावावर लागला. माझ्या घरात त्या रात्री कुणी झोपलं नाही. मलाही हा मुलगा हवा आहे.

पण कराराचं काय? ड्रमंडच्या वेळी घाई केली. मुदत टळली तर आकाश कोसळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होईल आणि दुसऱ्या संघाने दिलेला आकडा जुळवायचा हक्क आपल्याकडेच राहील. एक मोसम बघून मग पैसे द्यावेत.

माधव

---

प्रेषक: वैशाली (ट्रॉय)

आणि तोपर्यंत तो ऑल-स्टार झाला तर? आकडा दुप्पट होईल. आमच्या ऑफिसात चांगल्या माणसाला 'वर्षभर बघू' म्हणतात आणि तो सहा महिन्यांत समोरच्या कंपनीत दिसतो. त्यातून मनात राग राहतो तो वेगळाच.

---

प्रेषक: निखिल (युवा गट)

मंजिरीताई, तुमचा मेल मुलांना वाचून दाखवला. अर्धा तास फोनवर भांडण झालं. 'चेंडू जास्त वेळा हातात' हे वाक्य त्यांनी बदललंय. आता असं आहे: 'चौथ्या क्वार्टरमध्ये स्टुअर्टच्या जागी ड्यूरन असावा, आणि स्क्रीननंतरचा पास त्याच्याकडून यावा.' आप्पांचा मुद्दाही त्यात आला. हार्ट आणि हॅरिसचं एक वाक्य घातलंय, तुमचं नाव देऊन. चालेल ना?

करारावर मुलं हटायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, ज्याला शेवटची मिनिटं द्यायची त्याला आधी विश्वास दाखवायचा.

निखिल

---

प्रेषक: मंजिरी (फार्मिंग्टन हिल्स)

चालेल. फक्त 'स्टुअर्टच्या जागी' असं नको, 'स्टुअर्टच्या आधी' करा. दोघं एकत्रही खेळू शकतात आणि स्टुअर्टने या संघाच्या सगळ्यात वाईट दिवसांत अंग मोडून बचाव केलाय. मुलांच्या लेखात त्याला कमी लेखलेलं मला आवडणार नाही.

---

प्रेषक: शुभदा (अंक समिती)

मंडळी, पान लावलं. मथळा: 'चौथा क्वार्टर ड्यूरनला द्या'. एका ओळीत बसतो, प्रश्नचिन्ह नाही, आणि मुलांनाही पसंत आहे. मंजिरीची दुरुस्ती घेतली. करारावरचं वाक्य मुलांचं मत म्हणून राहील. माधवदादांना वाटत असेल तर शंभर शब्दांत दुसरी बाजू लिहून द्यावी, चित्राशेजारी चौकट निघते. उद्या सकाळी नऊपर्यंत. संजय, प्रूफ तुलाही पाठवतेय.

शुभदा

---

प्रेषक: माधव (कँटन)

मथळा उत्तम. चौकट लिहितो, पण शंभर शब्दांत ड्रमंड, फ्री थ्रो आणि फ्री एजंटचा नियम बसणार नाही. दीडशे द्या.

---

प्रेषक: शुभदा (अंक समिती)

एकशे वीस.